क्वेबेकच्या ३८९ नंबर रस्त्यावर, भर जंगलात फुटपाथ कसा?

भटका_मॉन्ट्रियलकर:
मंडळी, गेल्या आठवड्यात आम्ही दोघं बे-कोमोहून गाडीनं लॅब्रेडॉर सिटीला गेलो. मॅनिक-५ धरण मागे पडलं की खडीचा रस्ता, धुरळा आणि दोन्हीकडे तेच ते काटकुळे स्प्रूस. तासन्‌तास. साधारण ३९० किलोमीटरच्या आसपास एकदम डांबर लागलं, रस्त्याच्या मधे दुभाजक आला आणि कडेला चक्क फुटपाथ! घर एकही नाही. बायको म्हणाली, "इथे चालतं कोण, अस्वलं?" मिनिटभरात पुन्हा जंगल. नकाशात शेजारी फक्त बार्बेल नावाचं तळं दिसतंय. काय भानगड आहे?

पुणेरी_बर्फात:
धरणाच्या कामगारांची जुनी वसाहत असणार. कंत्राटदारानं उरलेलं सिमेंट खपवलं असेल. आपल्याकडे होतं तसं. 😀

खाणकाका:
धरणाचा काही संबंध नाही. तुम्ही गाडी नेलीत तो एका गावाचा हमरस्ता. गावाचं नाव गान्यों. स्पेलिंग बघून मी सहा महिने "गॅगनॉन" म्हणत होतो आणि कॅन्टीनमध्ये दर वेळी हशा. ओनेझीम गान्यों हे तेव्हाचे क्वेबेकचे लेफ्टनंट गव्हर्नर, त्यांचं नाव दिलं.

१९६० साली क्वेबेक कार्तिए या खाण कंपनीनं ते बार्बेल तळ्याच्या काठी वसवलं. मालक अमेरिकन (यू. एस. स्टील), राहणारी माणसं फ्रेंच बोलणारी. जवळच्या लाक जानीनच्या खनिजात लोखंड जेमतेम ३० टक्के. एवढ्यावर ते कोणी विकत घेत नाही, म्हणून तिथेच दळून, माती काढून ६५ टक्क्यांच्या आसपास आणायचं आणि मग खाली सेंट लॉरेन्सच्या काठी पोर्ट-कार्तिए बंदरात जहाजात भरायचं. मी मूळचा डिचोलीचा. आमच्याकडे खनिज बार्जमध्ये घातलं की मांडवी ते बंदराला पोचवते. इथे तशी नदी नाही, त्यामुळे कंपनीनं स्वतःची तीनशे किलोमीटरची रेल्वे टाकली.

भरात असताना गावात चार हजारांच्या वर माणसं होती. चर्च, शाळा, दवाखाना, आइस हॉकीचं मैदान, विमानाची धावपट्टी, सगळं. नव्हता तो फक्त बाहेर जायचा रस्ता. याच रस्त्यावर पुढे फेरमों म्हणून खाणीचं गाव आहे, तिथे मी कामाला होतो. तिथला माझ्या पाळीचा फोरमन गान्योंत वाढलेला. त्याच्या बापाकडे गाडी होती. रविवारी जेवण झालं की पोरांना मागे कोंबायचा, खाणीच्या फाटकापर्यंत न्यायचा, वळवायचा, घरी. झाली सहल!

सत्तरच्या दशकात लाक जानीनचं खनिज संपलं. मग उत्तरेला फायर लेकची खाण धरली, तिचा माल रेल्वेनं त्याच जुन्या गिरणीत यायचा. पुढे पोलादाचा बाजार बसला आणि १९८४ च्या अखेरीस तीही बंद. १९८५ मध्ये माणसं हलवली आणि गाव पाडून टाकलं. नुसतं सोडून दिलं असं नाही, इमारती जमीनदोस्त केल्या. आणि हा ३८९ फेरमोंपर्यंत जोडला गेला १९८७ मध्ये!

पुणेरी_बर्फात:
सिमेंटबद्दलचे शब्द मागे. पण पाडायचं कशाला? कोणीतरी राहिलं असतं की.

खाणकाका:
काय खाऊन? पगार देणारी कंपनी एकच. उणे चाळीस अंशात पाण्याचे नळ गोठू द्यायचे नाहीत, बर्फ उपसायचा, दवाखाना चालवायचा, हा खर्च चार घरांसाठी कोण करणार? फोरमन मात्र हे ऐकून घ्यायचा नाही. "शाळा तरी ठेवायची होती," म्हणायचा. शाळा कुणासाठी, हे त्याला विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

सातासमुद्रापार:
फेरमोंचं पण उद्या असंच होणार का?

खाणकाका:
तिथे अजून खनिज आहे. तेही तळ्याकाठचंच गाव, दाविओ तळ्याच्या. उत्तरेचा वारा अडवायला सव्वा किलोमीटरहून लांब एकच इमारत बांधली आहे, तिच्या पोटात घरं, दुकानं, शाळा. हिवाळ्यात आम्ही दिवसच्या दिवस बाहेर न पडता काढायचो. फेरमोंची खाण, माँ-राइट, आता आर्सेलरमित्तलकडे आहे. कंपनीचं नाव बदललं तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, "मित्तल तुझे कोण?" म्हटलं, कोणी असते तर मी रात्रपाळी केली असती का?

पुन्हा गेलात तर गान्योंला उतरा, तळ्यापर्यंत चालून या. जुलैत जाऊ नका, काळ्या माश्या सोलून काढतात.

भटका_मॉन्ट्रियलकर:
काका, खूप आभार. आत्ता फोटो मोठा करून बघितला. फुटपाथची कड एका ठिकाणी खाली उतरवलेली आहे, दारात गाडी चढवायला करतात तशी. तिच्यासमोर पुरुषभर उंचीचं झुडूप आहे.