किरकोळ अपघात : पोलिसांनी नोंद घेतलीच पाहिजे का?

कोथरूडकर
गेल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी कर्वे रस्त्यावरून डावीकडे वळताना माझ्या गाडीचा आरसा एका स्कूटरच्या हँडलला लागला. मुलगा आडवा झाला. कोपर खरचटलं, इंडिकेटर फुटला. मी उतरून त्याला उचललं, समोरच्या दुकानातून पट्टी आणून लावली. तो म्हणाला, "काका, मला काही झालं नाही, इंडिकेटरचे तेवढे द्या." पाचशे दिले.

तरी बायको म्हणाली, चौकीवर सांगून ये. गेलो. अंमलदारांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मिटलंय ना तुमचं? मग कशाला लिहायचं? जा घरी." वही मिटली.

सहाव्या दिवशी फोन आला. त्या मुलाच्या मनगटाला फ्रॅक्चर निघालं म्हणे, आणि तक्रारीत लिहिलंय की मी धडक देऊन पळून गेलो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जागेवर पोलीस नसतील, तर चालकानं जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत कळवायचं. नाही कळवलं तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. मी तासाभरात कळवलं. पण कळवल्याचा कागद माझ्याकडे नाही. सांगणं माझ्यावर बंधनकारक असेल तर लिहून घेणं पोलिसांवर बंधनकारक का नको?

निवृत्त_फौजदार
साहेब, तुमच्या बाबतीत चूक झाली, हे आधी मान्य करतो. माणूस जखमी होता, स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, दोन ओळी यायलाच हव्या होत्या. पण "प्रत्येक अपघाताची नोंद" म्हणाल तर माझा विरोध आहे. माझी ३२ वर्षं खात्यात गेली. रात्रपाळीला चौकीत आम्ही दोघं, त्यातला एक बंदोबस्ताला. बंपरला बंपर घासला, पत्र्याला पोचा पडला, यात गुन्हा कुठला? मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा व्हायला हेतू लागतो, निदान नुकसान होणार याची जाणीव तरी. चुकून लागलेल्या धक्क्यात दोन्ही नसतात. तो भरपाईचा विषय आहे. लोकांना मात्र पंचनामा हवा असतो, समोरच्याला दम भरायला. त्यात माणूस अडकला की खरा अपघात झालेल्या ठिकाणी पोचायला उशीर होतो.

वकील_मावशी
दोघंही "नोंद" म्हणताय, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. एफआयआर वेगळा, अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची) नोंद म्हणजे एनसी वेगळी, आणि स्टेशन डायरीतली नोंद आणखी वेगळी.

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ते स्पष्ट केलं. बेदरकारपणे गाडी चालवणं (पूर्वीचं दंड संहितेचं कलम २७९, आता भारतीय न्याय संहितेचं २८१) दखलपात्रच आहे. पण प्रत्येक धक्का म्हणजे बेदरकारपणा नव्हे. आणि लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते: २८१ चा गुन्हा एकदा दाखल झाला की दोघांनी हातात हात घालून "आमचं मिटलं" म्हटलं तरी तो मिटत नाही. तो तडजोडीच्या यादीतच नाही. मग कोर्टाच्या तारखा, नाहीतर रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय. इंडिकेटरच्या पाचशे रुपयांसाठी हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

म्हणून माझं मत असं : एफआयआरची सक्ती नको, डायरीतल्या नोंदीची हवी. आणि तिचा क्रमांक सांगणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे.

मीटर_डाऊन
मी ठाणे शहरात रिक्षा चालवतो. मावशी, तुमचं कागदावरचं बरोबर असेल, माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. सिग्नलला पुढच्या कारला माझं पुढचं चाक टेकलं. कारवाल्याला नोंद हवी होती, इन्शुरन्सला लागेल म्हणाला. आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. तो अर्ध्या तासात निघून गेला, माझी रिक्षा आवारात राहिली. आज आरटीओचे साहेब आले नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर परवा. नऊ दिवस. रिक्षा भाड्याची, मालकाला रोजचे पैसे द्यावेच लागतात. पोरीची फी त्या महिन्यात भरली नाही. परत मिळाली तेव्हा बॅटरी उतरलेली आणि सीटवर पावसाचं पाणी.

ज्याची गाडी घरी उभी राहिली तरी पगार येतो, त्यानं नोंद मागावी. आम्हाला जागेवर मिटलेलं बरं.

वकील_मावशी
दादा, कलम १३६ प्रमाणे तपासणीसाठी नेलेली गाडी सोपस्कार करून २४ तासांत परत द्यायची असते. नऊ दिवस ठेवणं चूकच होतं.

मीटर_डाऊन
हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. आणि माहीत असतं तरी ठाण्यात उभं राहून मी कायदा बोलणार होतो का?

विमा_टेबल
मी क्लेमचं काम करते. त्या कारवाल्याला बहुधा नोंद लागलीच नसती. स्वतःच्या गाडीचा बंपर-आरसा असेल आणि कुणी जखमी नसेल तर सहसा फोटो, क्लेम फॉर्म, लायसन्स, आरसी एवढ्यावर काम होतं. जखमी माणूस, चोरी किंवा तिसऱ्या पक्षाचं नुकसान असेल तर मात्र पोलिसांचा कागद मागतातच. शिवाय लहान खर्चासाठी क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. पाच वर्षं क्लेम नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत असते. दोन हजारांच्या आरशासाठी ती घालवू नका, हे मी रोज सांगते.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्येही कायदा १९८८ चाच आहे, योगायोगानं. थांबायचं, नाव-पत्ता आणि गाडीचा तपशील द्यायचा. नुसतं नुकसान असेल आणि देवाणघेवाण झाली असेल तर पोलिसांकडे जावं लागत नाही. तपशील दिलाच नाही, तर मात्र २४ तासांत कळवायचं. माझ्या गाडीला मागून धक्का बसला तेव्हा दोघांनी एकमेकांच्या नंबरप्लेटचे फोटो काढले आणि कामाला गेलो. आपल्याकडे हे का नाही चालणार?

निवृत्त_फौजदार
चालेल, समोरचा खरा नंबर देणार असेल तर. कोथरूडकर, तुमच्यासाठी : आता तोंडी काही बोलू नका. सविस्तर अर्ज करा, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्या रात्री चौकीत किती वाजता गेलात ते लिहा आणि चौकीतलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं अशी मागणी त्यातच करा. औषधाच्या दुकानाची पावती असेल तर जोडा. घेतलं नाही तर उपायुक्तांकडे रजिस्टर पोस्टानं पाठवा.

कोथरूडकर
पावती सापडली, ७ वाजून ५२ मिनिटांची. मदत न करता पळालेला माणूस पट्टी विकत घेत नाही, एवढं तरी त्यातून दिसेल.

मीटर_डाऊन दादा, तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. मी नोंद मागत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझा कागद होता. तरी मागणी सोडत नाही, कारण त्या मुलाचं मनगट खरंच मोडलं असेल तर त्यालाही त्याच रात्रीची नोंद उपयोगी पडली असती.

मीटर_डाऊन
काका, नोंद घ्या, माझी ना नाही. फक्त ती घेताना चावी मागू नका.

कोथरूडकर
हे वाक्य अर्जात शेवटच्या परिच्छेदात घालतो. उद्या अकराला जातोय, पोच मिळाली की कळवतो.