मदत हवी आहे: जुलमी राजवटींच्या देशांना धान्य पाठवू नये, या बाजूनं बोलायचंय

तोलकाटा

मंडळी, नमस्कार. मुक्काम बडोदा, दांडिया बाजार. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात दर महिन्याला एक वादसभा होते. विषय आधी ठरतो, बाजू चिठ्ठीवर. यंदाचा विषय आहे ‘प्रजेवर जुलूम करणाऱ्या राजवटींच्या देशांना आपल्या सरकारनं अन्नधान्याची मदत करावी का’. माझ्या चिठ्ठीत निघालं ‘करू नये’. माझं मन दुसऱ्या बाजूला आहे, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. शनिवारी बोलायचंय.

काय नको ते आधी सांगतो. ‘आधी आपल्या घरचे उपाशी बघा’ हा मुद्दा नको. सगळी नोकरी धान्याच्या सरकारी गोदामात गेली, हा हिशेब मला पाठ आहे. १ एप्रिलला केंद्राच्या साठ्यात निदान ७४.६ लाख टन गहू असायलाच हवा असा दंडक आहे. २०२२ साली अफगाणिस्तानला द्यायला काढलेला गहू ५० हजार टन. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. तेवढ्यानं आपल्या कुणाच्या ताटातली पोळी कमी होत नाही. दुसरं, व्हॉट्सॲपवरून ढकललेलं काही नको. आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, ते कुठल्याही आकड्यावर ‘हे कुठं वाचलंत?’ म्हणून उभं करतात.

माझी शंका गोदामातल्या माणसाची आहे. आमच्याकडे थप्पी मोजलेली, परखी मारून नमुना काढलेला, काट्याची पावती गेटपासला टाचलेली, तरी रेशनच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर कागदावर घट निघायचीच. आणि हे आपल्याकडे, जिथं तक्रार करता येते, पेपरात छापून येतं. जिथं तक्रार करणारा माणूसच दुसऱ्या दिवशी दिसत नाही, तिथं बंदरावर उतरलेल्या पोत्याचं काय होत असेल? धान्य दिल्यानं उपाशी माणूस जगला की राजवट जगली, हे दाखवणारी खरी उदाहरणं द्या. आणि समोरचे काय म्हणतील तेही सांगून ठेवा, म्हणजे भर सभेत दातखीळ बसायला नको.

मृदुला_मांजलपूर

काका, तुमच्या बाजूला सगळ्यात वजनदार उदाहरण इथिओपियाचं. १९८४-८५चा दुष्काळ, सत्तेवर मेंगिस्तू. जगभर गाण्याचे कार्यक्रम होऊन पैसा गोळा झाला. त्याच वेळी सरकार उत्तरेतल्या, बंडखोरांच्या भागातल्या लोकांना उचलून दक्षिणेत वसवत होतं. धान्य वाटपाच्या जागी उपाशी माणसं आपणहून गोळा व्हायची, तिथूनच त्यांना ट्रकमध्ये भरायचे. म्हणजे मदतीचा गहू हे आमिष झालं. फ्रान्सच्या ‘सीमांविना डॉक्टर’ संघटनेनं याविरुद्ध तोंड उघडलं, तर डिसेंबर १९८५मध्ये तिलाच देशाबाहेर काढलं.

दुसरं उत्तर कोरियाचं. १९९५च्या पुरानंतर त्यांनी जगाकडे हात पसरला आणि मदत गेलीही. पण संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या माणसांना काय अटी होत्या बघा: बराच काळ कोरियन भाषा येणारा कर्मचारी आणायचा नाही, आणि कुठल्याही गावी जायचं तर आधी कळवायचं. तुम्ही गोदाम तपासायला निघालात आणि गोदामवाल्याला आठवडाभर आधी निरोप गेलाय, तर तुम्हाला काय दिसणार, हे मी तुम्हाला काय सांगू! ‘सीमांविना डॉक्टर’ तिथूनही १९९८ साली बाहेर पडले, कारण मदत खऱ्या गरजूंपर्यंत जाते की नाही ते त्यांना बघूच देत नव्हते.

चहात_बुडालेला

काका, सोपा उपाय. शेजारच्या खुर्चीवाल्याशी चिठ्ठी बदलून घ्या. 🙂

ग्वाल्हेरचा_बाळू

मी लष्करातला (ग्वाल्हेरचं लष्कर बरं का, फौजेतला नव्हे). काकांना मदत करायची म्हणून समोरच्या बाजूनं बोलतो.

धान्य अडवल्यानं राजवट पडते, हे कुणी मला एका तरी उदाहरणानं दाखवावं. उपासमारीत सगळ्यात शेवटी उपाशी राहतो तो शिपाई. १९७४चा बांगलादेश घ्या. बांगलादेशानं क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेनं धान्याची मदत रोखून धरली. तिकडे पूर, भाव भडकलेले, मजुरांना काम नाही. दुष्काळ येऊन गेला, माणसं मेली. क्यूबाचं त्यात काय वाकडं झालं? काका, तुम्ही आयुष्यभर बारदान मोजलंत, तर बारदानापायी धान्य अडवल्याची ही गोष्ट तुमचा प्रतिस्पर्धी नक्की काढणार.

आणि दुसरी गोष्ट तुमच्या अंगणातली आहे. गुजरातेतला छपनियो, म्हणजे संवत १९५६चा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००. १८९१ला बडोदा संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, १९०१ला साडेएकोणीस लाख भरली. काही मेले, काही देशोधडीला लागले. तेव्हा वरचं सरकार कुणाचं होतं? लोकांनी निवडलेलं तर नव्हतंच. १९०० साली न्यूयॉर्कहून मका भरून ‘क्वीटो’ नावाचं जहाज मुंबईला आलं. अमेरिकेत तेव्हा कुणी म्हणू शकलं असतं, की आधी इंग्रजांना हाकला, मग मका पाठवू. तसं ते म्हणाले नाहीत, हे बरं झालं की वाईट?

तोलकाटा

बाळूभाऊ, हे लागलं. छपनियोचं नाव आमच्या घरात आजीच्या तोंडून ऐकलंय, पण तो मका आमच्या डोक्यात कधी आला नव्हता.

तरी एक विचारतो. ते जहाज इंग्रज सरकारच्या कोठीत रिकामं झालं नाही, बरोबर? मका बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या हातून वाटला गेला, असं वाचल्याचं आठवतं. तसं असेल तर ते माझ्याही बाजूनं वळवता येईल: लोकांना दिलं, सरकारला नाही.

अटींबद्दल मात्र मला राग आहे. पीएल ४८०चा, म्हणजे अमेरिकेच्या मदत-कायद्याखाली आलेला, लाल गहू खाल्लेली आमची पिढी. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक जेवण सोडायला सांगितलं ते आमच्या घरी पाळलेलं आहे. पुढे व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांवर आपण बोललो म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब गहू एकदम न सोडता महिन्या-महिन्यानं सोडायचे. आपण काही जुलमी राजवट नव्हतो, तरी ही तऱ्हा. म्हणून ‘आमच्या धोरणाला मान डोलवा, मग गहू’ असली अट मी सभेत मांडणार नाही, चिठ्ठी काहीही म्हणो.

इतिहासाचा_नाद

तुमच्या दोघांच्या मधलं उदाहरण देतो. १९२१चा रशियातला दुष्काळ. सत्तेवर लेनिन, आणि धान्य पाठवणारे अमेरिकेतले हूवर, ज्यांना बोल्शेविक डोळ्यासमोर नको होते. पण हूवरनी ऑगस्ट १९२१मध्ये रिगाला करार केला आणि त्यात आपली माणसं तिथं जाऊन वाटप बघतील हे लिहून घेतलं. १९२२च्या ऐन भरात त्यांच्या स्वयंपाकघरांतून आणि शिध्यातून रोज एक कोटीच्या वर माणसं जेवत होती. मग कळलं, की तेच सोव्हिएत सरकार दुसऱ्या दारानं धान्य परदेशी विकायला काढतंय. १९२३ साली मदत बंद झाली. तुमची बाजू इथं बसते: लोक उपाशी असताना जे सरकार स्वतःचं धान्य विकतं, त्याला धान्य देणं म्हणजे त्याच्या विक्रीला हातभार.

इराकचं ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ही घ्या, निर्बंधांतल्या इराकला तेल विकून अन्न घेऊ देणारी संयुक्त राष्ट्रांची योजना. सुरू १९९६च्या शेवटी, बंद २००३. सद्दामच्या लोकांनी करारांवर वरकड पैसा उकळला. २००५ला त्याची चौकशी करणाऱ्या व्होल्कर समितीचा अहवाल आला, त्यात आपल्या नटवरसिंहांचं नाव निघालं आणि त्यांना परराष्ट्र खातं सोडावं लागलं. हे प्राध्यापकांनाही आठवत असेल. पण लक्षात ठेवा, त्याच योजनेच्या शिध्यावर इराकमधली बहुतेक घरं जगत होती. तो भाग समोरचा काढेल.

मृदुला_मांजलपूर

एक मुद्दा राहिला. पळवलेलं धान्य हवेत विरत नाही, बाजारात येतं आणि भाव उतरवतं. कोरियाचा अभ्यास करणारे काही जण म्हणतात, की चोरीचं का होईना, ते धान्य गावच्या बाजारात विकायला आल्यानं लोक सरकारी वाटपावर अवलंबून राहीनासे झाले. शिवाय साहेबलोकांना आणि सैन्याला तांदूळ लागतो. म्हणून तांदळाऐवजी मका, बार्ली, लहान मुलांचं पौष्टिक पीठ असं पाठवा, त्याच्यावर कुणी डोळा ठेवत नाही, असाही एक विचार आहे.

तोलकाटा

अहो, हे आमच्या धंद्यातलं! बहात्तरच्या दुष्काळात ती मिलो आली होती ना, लाल ज्वारी. नगरच्या मामांकडे खाल्लीय, घशाखाली उतरायची नाही. पण मामा म्हणायचे, ती कुणी चोरून विकत नाही, कारण घेणारच कोण? बासमतीची थप्पी आणि मिलोची थप्पी, पहारा कुठं लागतो ते कुठल्याही हमालाला विचारा.

रेवा_फतेगंज

काका, मी इथे विद्यापीठात शिकते. आमच्याकडे अफगाण मुलं-मुली शिष्यवृत्तीवर येतात. एकीला तुमचा प्रश्न हिंदीतून विचारला. तिनं पाठवावं की नाही यावर काहीच म्हटलं नाही, उलट मलाच विचारलं, ‘माझ्या मावशीच्या घरात पुरुष नाही. धान्य वाटणारी बाई नसेल तर रांगेत उभं कोण राहणार?’

तालिबाननं डिसेंबर २०२२मध्ये स्वयंसेवी संस्थांमधल्या बायकांच्या कामावर बंदी आणली. काही मोठ्या संस्थांनी आपलं काम तेव्हा थांबवलं, कारण बायकांशिवाय बायकांपर्यंत पोचताच येत नाही. पुढे एप्रिल २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बायकांनाही तीच बंदी. तरी भारतानं गहू बंद केला नाही. मार्च २०२३मध्ये आणखी २० हजार टन जाहीर झाला, इराणच्या चाबहार बंदरामार्गे.

मला स्वतःला पाठवावं असंच वाटतं. पण तुम्हाला ‘नये’ म्हणायचंच आहे तर मावशीची रांग विचारा. ५० हजार टन भागिले चार कोटी लोक म्हणजे माणशी सव्वा किलो. ते सव्वा किलो तिच्यापर्यंत कोण नेणार?

ग्वाल्हेरचा_बाळू

रेवाताई, मान्य. पण मग संस्थांनी काम थांबवल्यावर त्या मावशीला काय मिळालं? तत्त्व.

तोलकाटा

बाळूभाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि सभेत उत्तर असल्याचा आव मी आणणार नाही.

आता बोलणं असं बांधलंय. ‘करू नये’ म्हणजे काय करू नये, ते मी पहिल्या दोन वाक्यांतच ठरवून टाकणार: जुलमी सरकारच्या हातात धान्य देऊ नये. अटारीहून फेब्रुवारी २०२२मध्ये अडीच हजार टनांचे पहिले पन्नास ट्रक गेले, तो गहू पलीकडे जागतिक अन्न कार्यक्रमाच्या ताब्यात गेला, आणि पोत्यांवर भारताच्या लोकांकडून अफगाण लोकांना भेट असं छापलेलं होतं. याला मी विरोध करणार नाही. विरोध कशाला, तर गोदामाची किल्ली त्यांची, यादी त्यांची आणि तपासणीला जायची तारीखही त्यांची, अशा मदतीला. तिथं इथिओपिया आणि कोरिया काढतो. रशियाचं उदाहरण शेवटी, कारण त्यात देणंही आहे आणि बंद करणंही. धान्य अडवून राजवट पडते असा दावा करणारच नाही. तो केला की बाळूभाऊंचा बांगलादेश समोरून येतो.

मिलोची गोष्ट वेळ उरला तर. खरं म्हणजे ती ‘करावी’वाल्यांच्या कामाची आहे, पण मला सांगायचीच आहे.

शेवटची मदत: आमचे अध्यक्ष नियमाला कडक आहेत. ‘सरकारला देऊ नये, लोकांना द्यावं’ असं म्हटलं तर ‘तुम्ही बाजू बदललीत’ म्हणून गुण कापतील का? इथं कुणी वादविवाद स्पर्धांचं परीक्षण केलंय का? केलं असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा. आणि क्वीटो जहाजाचा मका गुजरातेत नेमका कुणाच्या हातून वाटला गेला, हे कुणाला पक्कं माहीत असेल तर तेही, कारण प्राध्यापक पहिल्या रांगेत बसतात.