अनुभव धागा : हॅलोविनला तुमच्या दारावर कोण येतं?

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो सण. यंदा आमच्याकडे म्हणे शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून तिथंच चॉकलेटं वाटणार. दारोदार फिरणं बंद. मला हे पटलेलं नाही. तुमच्याकडे पूर्वी काय होतं, आता काय उरलं, लिहा. 'हा आपला सण नव्हे' हा वाद कृपया दुसरीकडे.

लिफीकाठी (डब्लिन, आयर्लंड)
इथले लोक ठासून सांगतात, सण आमचा, अमेरिकेनं फक्त कोरलेल्या भोपळ्याचा कंदील घातला. खरंच आहे ते. सुगी संपून हिवाळा लागायचा तो साऊईन, इथला जुना सण. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात अशी समजूत. तेव्हा कंदील सलगम कोरून करायचे. मेयो परगण्यातल्या टर्लो पार्कच्या संग्रहालयात अशा एका जुन्या कंदिलाची प्रतिकृती आहे. ती पाहून आल्यावर आमची लेक रात्री आमच्याच खोलीत झोपायला आली! भोपळा त्यापुढे अगदीच गोंडस. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथं भोपळा मुबलक आणि कोरायला सोपा. आता इथंही दुकानात भोपळेच. ब्रॅक मात्र टिकलाय, मनुकांचा पाव, आत अंगठी. जिच्या तुकड्यात निघेल तिचं वर्षभरात लग्न. आमच्या ऑफिसात ती दोन पोरांच्या बापाला निघाली.

एडिनबराकर
इथं फुकट काही मिळत नाही. दारात गाणं, विनोद, कविता, काहीतरी करून दाखवायचं. याला गायझिंग म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी 'शुभं करोति' म्हटलं. शेजारच्या आजींनी पुन्हा म्हणायला लावलं आणि ओंजळ भरून दिली. हल्ली नुसतं 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या नाहीतर खोडी काढू) ओरडून पिशवी पुढे करणारी वाढलीत.

एडिसनची काकू (न्यू जर्सी)
२०२४ ला आमचं लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच आलं. दारात पणत्या, शेजारी भोपळा, आणि रांगोळीवरून उड्या मारत येणारे सांगाडे. हौसेनं चकल्या ठेवल्या होत्या. देशी पोरांनी फस्त केल्या, बाकीच्यांच्या आयांनी हसून नको म्हटलं. इथं बंद पाकिटातलंच घेतात.

वसईवाला
आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या घरात हॅलोविन कधीच नव्हतं. १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा. कबरी स्वच्छ करायच्या, फुलं, मेणबत्त्या. हॅलोविन ही त्या १ तारखेचीच आदली रात्र. भाचा मुखवटा लावून आला तर आजी म्हणाली, "परवा ज्यांच्यासाठी मेणबत्ती लावायची, त्यांचंच आज सोंग?"

टेक्सासहून
धागाकर्त्या, डिक्कीला नावं ठेवू नका. आमच्याकडे घरं लांब लांब, रस्त्याला फुटपाथ नाही. शिवाय मुलाला शेंगदाणा चालत नाही. डिक्कीवाले ओळखीचे, आधी विचारून ठेवता येतं. दारोदार गेलो तर मी फक्त निळसर हिरवा भोपळा ठेवलेली घरं शोधत फिरते. तिथं खाऊऐवजी छोटी खेळणी देतात. अशी घरं आमच्या रस्त्यावर जेमतेम एक-दोन.