मैदान ९२ बाय ५० मीटर, सगळ्या खेळांत तीच पाच पोरं: ॲथलेटिक्सची सुरुवात कुठून करू?

गणिताच्या बाई, भुदरगड

नमस्कार. गारगोटीच्या पुढं एका गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, जागा अजून भरलेली नाही, आणि या जूनपासून खेळाचं सगळं माझ्याकडं आलंय. मला यातलं फारसं कळत नाही, पण काम अंगावर घेतलंय तर पोरांसाठी ते नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

मैदान टेपनं मोजलं. लांबी ९२ मीटर, रुंदी ५०. एका लांब बाजूला वर्गांची भिंत, दुसरीकडं ओढ्याचा बांध. कर्ण काढला तर १०४ मीटरच्या थोडा वर भरतो, म्हणून १०० मीटरचा सराव तिरका घ्यावा असा विचार आहे. साहित्य म्हणजे दोन गोळे, एक थाळी आणि उंच उडीचे खांब. गादी नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आमच्याकडं कबड्डीला जी पाच पोरं, तीच खो-खोला, तीच कुस्तीला आणि तीच धावायला. तालुक्याच्या तारखा लागल्या की ती दमून जातात आणि बाकीची दीडशे पोरं बांधावर बसून बघतात. शिवाय आठवीत एक मुलगी आहे, धनगरवाड्यावरून चालत येते, अनवाणी पळते, आणि पोरांच्याही पुढं जाते. गेल्या महिन्यापासून तिच्या गुडघ्याखाली दुखतंय, हाडाला टेंगूळ आल्यासारखं लागतं. स्प्रे मारून पळवा असं एकानं सुचवलं. मला ते पटलं नाही.

ट्रॅक कसा आखू, कुठले प्रकार घेऊ, आणि या मुलीचं काय करू?

---

आजऱ्याचा पालक

बाई, सगळ्यात आधी कागदं. शाळेची ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशिका मुदतीत गेल्या नाहीत तर पोरगं कितीबी पळू दे, तालुक्याला उभं करून घेत नाहीत. वयोगट १४, १७ आणि १९ असे असतात, जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळतेय का ते आत्ताच बघून ठेवा. माझ्या मुलाचं एक वर्ष एवढ्याशा कारणानं गेलं, अजून सल आहे.

---

पीटी सर, कागल (निवृत्त)

बाई, तुम्ही मैदान टेपनं मोजलंत हे वाचूनच बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी पावलं टाकून अंदाज करतात आणि मग शाळेत १२ सेकंदांत १०० मीटर पळणारी पोरं तालुक्याला गेल्यावर कुठं दिसत नाहीत.

पहिलं, तो कर्ण विसरा. १०४ मीटरच्या कर्णावर १०० मीटर पळवलं तर थांबायला चारच मीटर उरतात. पूर्ण वेगातल्या पोराला थांबायला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. पुढं भिंत असो नाहीतर बांध, पोरगं शेवटचे २० मीटर मनात घाबरूनच पळतं आणि रेषेच्या आधीच वेग तोडायची सवय लागते. ती सवय पुढं मोडता मोडत नाही. लांबीच्या बाजूला ६० मीटर आखा, तेवढंच पुरे. या वयात वेग ३० ते ६० मीटरमध्येच घडतो.

आता ट्रॅक. तुमच्या मैदानात २०० मीटरचा व्यवस्थित बसतो. मध्यरेषेवर ४० मीटर अंतरानं दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीवरून १८.९० मीटरची त्रिज्या धरून बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा आणि त्यांची टोकं ४०-४० मीटरच्या दोन सरळ रेषांनी जोडा. पळणारा आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून पळतो असं धरतात, म्हणजे त्याची त्रिज्या झाली १९.१०. दोन वळणांचे १२० मीटर, सरळ बाजूंचे ८०. गणित तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल. लेन १.२२ मीटरची. चार लेन बसतात, पण मग भिंतीकडं सव्वा मीटरच जागा राहते, म्हणून तीनच आखा. २०० मीटरला दुसऱ्या लेनचा पोरगा ७.६७ मीटर पुढं उभा करायचा, तिसऱ्याचा १५.३३. दहावीच्या वर्गाला वर्तुळाचा परीघ शिकवायचा असेल तर त्यांनाच मैदानावर न्या आणि ही आखणी त्यांच्याकडून करून घ्या. आपण आखलेल्या रेषेवर पळायला पोरांना वेगळीच हौस येते.

सुतळीनं त्रिज्या धरू नका, ती ताणली की लांबते आणि भिजली की आखडते. पोलादी टेप किंवा बारीक तार घ्या. फक्की पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाणार, आपल्याकडं जुलैत दुसरं काय होणार! म्हणून दोन्ही केंद्रांवर लोखंडी सळईचे तुकडे जमिनीच्या पातळीत ठोकून ठेवा, वर अजिबात डोकावता कामा नयेत, पोरांच्या पायाला लागेल. केंद्रं पक्की असली की उघडीप मिळताच अर्ध्या तासात ट्रॅक पुन्हा उभा राहतो.

वेळ घेताना एक ध्यानात ठेवा. शर्यत सोडताना वाजवतात त्या दोन फळ्यांच्या क्लॅपरचा आवाज ऐकून घड्याळ दाबायचं नाही, फळ्या मिटताना दिसल्या की दाबायचं. आवाजाला ६० मीटर यायला जवळपास ०.१८ सेकंद लागतात, तेवढ्यानं पोराची वेळ उगीच चांगली दिसते. खोट्या वेळेनं आपण पोराचं भलं करत नाही.

प्रकार निवडताना मैदानाला झेपेल तेच. धावणं, रिले, लांब उडी, गोळाफेक. थाळी एवढ्या जागेत पोरांच्या गर्दीत नको. गादी नाही तर उंच उडीत पाठीवर पडायची पद्धत कुणाला करूच देऊ नका, मान मोडेल. वाळूवर कात्री पद्धतीनं, म्हणजे एकेक पाय आडव्या दांडीवरून टाकत उडी, तीही कमी उंचीवर, एवढंच. लांब उडीच्या खड्ड्यात क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, टाकायला कुणी स्वस्तात देईल, घेऊ नका. ती दाबून बसते आणि कातडी सोलते. थोडीच का असेना, नदीची वाळू मिळवा आणि सरावाआधी प्रत्येक वेळी फावड्यानं उकरा.

पावसाळ्यात रिले करा. हो, पावसाळ्यातच. व्हरांड्यात चौघांना ओळीनं उभं करून चालत चालत बॅटन देणं-घेणं, मागं न बघता, हात स्थिर ठेवून. ४ बाय १०० ला बदलाचं क्षेत्र आता ३० मीटरचं आहे, १०० मीटरच्या खुणेच्या आधी २० आणि नंतर १०. अजून कितीतरी शाळांत जुनं २० मीटरचंच आखून शिकवतात. लहान शाळेला जिंकायची खरी संधी इथंच असते. चार मध्यम पोरं बॅटन नीट फिरवत असतील तर चार वेगवान पण गोंधळलेल्या पोरांना मागं टाकतात, हे मी तालुक्यालाही बघितलंय आणि जिल्ह्यालाही.

आता तुमची ती पाच पोरं. बाई, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून एवढं लिहायला बसलो. हे दुखणं सगळ्याच लहान शाळांचं आहे. ढाल हवी असते, मग जे हाताशी आहेत त्यांनाच पिळायचं. माझं ऐका, सहावी-सातवीच्या सगळ्या वर्गाची, एकही पोर न वगळता, ६० मीटरची वेळ घ्या आणि वहीत लिहा. महिन्यानं पुन्हा. नंबर वाचून दाखवू नका, ज्याची त्याची आधीची वेळ आणि आत्ताची वेळ एवढंच ज्याला त्याला सांगा. चिंचा पाडायला लांब दगड मारणारा पोरगा तुम्हाला ठाऊक असेल, त्याच्या हातात गोळा द्या. उंच आणि लाजरी मुलगी शेवटच्या बाकावर असते, तिला लांब उडीला आणा. आणि त्या पाचांना प्रत्येकी दोनच खेळ निवडायला सांगा. त्यांचे आईबाप आणि गावातली मंडळी नाराज होतील. होऊ द्यात.

मुलीचा गुडघा. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असं टेंगूळ येतं आणि दुखतं. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला, उड्या आणि पळणं जास्त झालेल्या पोरांत नेहमी दिसतं. पण तेच आहे का हे हाडांच्या डॉक्टरांनाच बघू द्या. तोवर उड्या बंद, वेगात पळणं बंद, स्प्रे तर नकोच. दुखणं दाबून पळवलं की पोर वर्षभर बसून राहतं. तालुका यंदा हुकला तर हुकू दे. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडं वळला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला. आठवीच्या निकालावरून कुणाचं काही ठरत नाही.

---

चंदगडची ८०० मीटर

सरांनी मैदानाचं सगळं सांगितलंय. मी मुलींचं सांगते, कारण मी अशाच शाळेतून पळत पळत पोलीस भरतीपर्यंत आले. आमच्या भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. शाळेत शिकलेल्या त्या तीन गोष्टींवर आज माझं घर चालतं.

बाई, मुली आठवीनंतर मैदान सोडतात ते पळायचा कंटाळा आला म्हणून नव्हे. कपडे बदलायला जागा नसते. सरावानंतर शेवटची एसटी निघून जाते. पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं ते कळत नाही, म्हणून पोटात दुखतंय म्हणून घरी राहतात आणि दोनचारदा असं झालं की परत येत नाहीत. तुम्ही बाई आहात, हे तुमच्या शाळेचं मोठं नशीब. एक खोली, आतून कडी, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि पॅडचं पाकीट ठेवा. सराव शाळा सुटल्यावर ठेवू नका, सकाळी परिपाठाच्या आधी किंवा शेवटच्या तासाला घ्या.

दुसरं, शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ना, ती मुली दप्तरात टाकतात किंवा फेकून देतात. समोर उभं राहून गिळायला लावा, जेवणानंतर, आणि त्यावर लगेच चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही. धाप लवकर लागते, जिने चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते, अशी मुलगी आळशी नसते. तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि त्या मुलीच्या घरी एकदा जाऊन या. शाळेत बोलावू नका, तुम्ही वर धनगरवाड्यावर जा. माझ्या बाबांनी मला पळायला सोडलं ते आमच्या बाई घरी येऊन चुलीपुढं बसल्या म्हणून. पळून काय मिळणार असं विचारतील, तेव्हा भरतीचं सांगा, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे तेही सांगा. बूट मात्र लगेच घेऊ नका. स्पाईक, म्हणजे खिळ्यांचे बूट, तर मुळीच नको. गुडघा बरा झाल्यावर साधे, मापाचे, सोलचे बूट आणा, आणि पाय वाढतील म्हणून एक नंबर वाढवून घेऊ नका.

---

गणिताच्या बाई, भुदरगड

सर, ताई, आजऱ्याचे दादा, तिघांचेही खूप आभार. ७.६७ म्हणजे दोन पाय (π) गुणिले १.२२, हे दहावीच्या पोरांनी फळ्यावर स्वतः काढलं आणि लगेच सळया ठोकायला बाहेर पळाली. डॉक्टरांकडं गडहिंग्लजला शनिवारी जातोय, तिची आई येणार आहे सोबत. शेजारची राधानगरीतली कांबळवाडी केवढी, तिथल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पदक आणलं, हे मी तिच्या आईला सांगितलं. तर ती म्हणाली, "त्याच्या हातात बंदूक होती बाई, माझ्या पोरीकडं काय आहे?" मी म्हटलं, पाय आहेत. त्यावर ती तयार झाली.

एकच विचारायचं राहिलं. सातवीत एक मुलगा सापडलाय, गोळा दोन्ही हातांनी डोक्यावरून टाकतो पण लांब जातो. आत्ताच पद्धत बदलू की राहू दे?

---

पीटी सर, कागल (निवृत्त)

डोक्यावरून दोन्ही हातांनी टाकणं हा जोर वाढवायचा चांगला व्यायाम आहे, तो बंद करू नका, फक्त मागं कुणी उभं नाही एवढं बघा. स्पर्धेत मात्र गोळा एकाच हातानं, मानेला लावून, खांद्यावरून ढकलायचा असतो, हात खांद्याच्या मागं गेला की फाऊल. आधी रबरी चेंडूत वाळू भरून शिकवा. पावलं, सरकणं हे सगळं नंतर. दिवाळीपर्यंत जागेवर उभं राहूनच टाकू दे. आणि डॉक्टर काय म्हणतात ते इथं कळवा.