सहा वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी सौम्य पाचक एन्झाइम कसे निवडावे?

मुलुंडची आई:
माझा मुलगा सहा वर्षांचा असून स्वमग्न आहे. तो बोलत नाही, त्यामुळे त्याचे पोट दुखते आहे की तो नुसताच कंटाळला आहे, हे आम्हाला हालचालींवरून ओळखावे लागते. गेले तीन महिने तो रात्री दोन-अडीचला उठून गार फरशीवर पालथा पडून राहतो आणि दिवसा सोफ्याच्या हातावर पोट दाबून लोंबकळतो. शी कधी तीन दिवस होत नाही, तर कधी दिवसातून चार वेळा थोडी थोडी पातळ होऊन चड्डीला लागते. वरणभात, दही, बिस्किटे आणि दोन मोठे पेले दूध, एवढाच त्याचा आहार. थेरपी सेंटरमधल्या एका आईने परदेशी बनावटीच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल सुचवल्या. त्यांच्या मुलाचे पोट आणि वागणे दोन्ही सुधारले, असे त्या सांगतात. दुकानदाराने मात्र आपल्याकडचे सिरप हातात ठेवले आणि ते अगदी सौम्य आहे, एवढेच सांगितले. सौम्य आहे की नाही, हे नक्की काय पाहून ठरवायचे?

गिरगावकर:
ताई, मी बत्तीस वर्षे औषधांचे दुकान चालवले, म्हणून आधी कबुली देतो: ‘सौम्य’ हा शब्द आम्ही ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहून वापरतो. प्रत्येक एन्झाइम एकेका अन्नघटकापुरतेच काम करते. अमायलेज पिष्टावर, प्रोटिएज प्रथिनांवर, लायपेज स्निग्ध पदार्थांवर आणि लॅक्टेज फक्त दुधातल्या साखरेवर. मुलाला नेमके काय पचत नाही हे कळण्याआधी पाच-सात एन्झाइमांची मिश्र कॅप्सूल घेणे, म्हणजे कुलूप न पाहता किल्ल्यांचा जुडगा विकत घेणे.

आपल्याकडच्या अनेक सिरपांत फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असते. डायस्टेज हे अमायलेजच, ते बुरशीपासून मिळवतात. पेप्सिन बहुधा डुकराच्या जठरातून आणि पॅनक्रिएटिन त्याच्याच स्वादुपिंडातून येते, हे शाकाहारी घरांना सहसा कोणी सांगत नाही. पपईचे पपेन आणि अननसाचे ब्रोमेलेन वनस्पतिजन्य असले, तरी प्रथिने तोडणारी ही पूड तोंडात रेंगाळली तर जीभ आणि ओठ चरचरतात. जी मुले घास गालात धरून ठेवतात, त्यांच्या भातावर कॅप्सूल उघडून भुरभुरवली की नेमका हाच त्रास होतो. शिवाय भात वाफाळता असेल तर एन्झाइम निकामी होते, ते वेगळेच. लेबलावर मिलिग्रॅमपेक्षा कार्यशक्तीची एकके पाहा. सिरपात सॉर्बिटॉल आहे का तेही पाहा, कारण त्यानेसुद्धा शी पातळ होते.

जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण, असे मात्र समजू नका. 1990 च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसे आणि स्वादुपिंडात घट्ट चिकट स्राव साचणारा जन्मजात आजार) असलेल्या काही मुलांना फार मोठ्या मात्रेत स्वादुपिंडाची एन्झाइमे दिल्यावर त्यांचे मोठे आतडे अरुंद झाल्याचे आढळले, आणि तेव्हापासून दर किलो वजनामागे दिवसाला 10,000 लायपेज एककांची मर्यादा पाळली जाते.

कढीपत्ता (चेंबूर):
‘वागणे सुधारले’ याबद्दल आधी लिहिते, कारण मीही त्याच आशेने पैसे घातले होते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत 43 स्वमग्न मुलांना प्रथिने पचवणारी एन्झाइमे देऊन पाहिली, तेव्हा वागण्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. 2015 मध्ये इजिप्तमधील 101 मुलांवरच्या चाचणीत, तीन महिने पपेन आणि पेप्सिन दिल्यावर, सुधारणा नोंदली गेली. एवढ्यावर कोणी खात्री देत असेल, तर मी त्या माणसापासून चार हात लांब राहीन.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तीही बोलत नाही. तुमचे ‘चड्डीला लागते’ हे शब्द वाचून मी थबकले. आमच्याकडे ते जुलाब समजून जुलाब थांबवायचे औषध दिले गेले होते; प्रत्यक्षात कडक मळ आतड्यात साचला होता आणि पातळ मळ त्याच्या कडेने पाझरत होता. बालपोटविकारतज्ज्ञांनी पोट चाचपूनच ते ओळखले. तिथे एन्झाइमचा उपयोगच नव्हता. त्यांनी ठरवून दिलेली पॉलिएथिलीन ग्लायकॉलची मळ मऊ करणारी पूड, जेवणानंतर दहा मिनिटे कमोडवर बसणे आणि पाय टेकायला खाली पाट, या तिन्हींना मिळून चार महिने लागले.

एन्झाइम आम्ही शेवटी घेतले ते एकच, लॅक्टेजचे थेंब. तिला दही चालत होते पण दुधाने पोट फुगत होते, कारण विरजणात दुधातली काही साखर आधीच फुटलेली असते. थेंबांनीही तीच साखर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फुटते, त्यामुळे दूध गोड लागते. तिने पहिला घोट घेतला आणि पेला सरळ मोरीत ओतला. मग साध्या दुधात त्या दुधाचा एकेक चमचा वाढवत आम्ही पंधरा दिवस काढले.

डॉक्टरांना मलातील इलास्टेजच्या (स्वादुपिंडातून येणारे एक एन्झाइम) चाचणीबद्दल विचारा. ते दर ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर स्वादुपिंडाचा विचार करावा लागतो, मात्र फार पातळ नमुन्यात आकडा खोटा कमी येतो. गहू बंद करायचा विचार असेल, तर सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) रक्तचाचणी त्याआधी करून घ्या. आणि मुलाला फिट्ससाठी व्हॅलप्रोएट चालू असेल व पोटदुखीबरोबर उलट्या होत असतील, तर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. त्या औषधाने क्वचित स्वादुपिंडाला सूज येते.

मुलुंडची आई:
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. फिट्सचे औषध त्याला नाही. परळला दाखवले, मळ साचलेलाच निघाला, इलास्टेज 410 आले. पूड सुरू करून बारा दिवस झाले आणि कालची रात्र धरून सलग तीन रात्री तो पाचपर्यंत झोपला. कॅप्सूल घेतलेल्या नाहीत. डॉक्टरांनी दूध एका पेल्यावर आणले असून, तेवढ्यानेही पोट फुगले तर लॅक्टेज देऊन पाहू, असे म्हटले आहे. गिरगावकर काका, ते थेंब आदल्या रात्री दुधात घालून ठेवले तर चालतात का?

गिरगावकर:
चालतात, किंबहुना फ्रिजमध्ये रात्रभर राहिल्यास साखर जास्त फुटते. दूध आधी उकळून पूर्ण गार करा, थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला आणि सकाळी फक्त कोमट करा. मात्र गोडी त्याला कळणार, हे धरून चाला. कढीपत्ताताईंचा चमच्याचा हिशेब तिथे उपयोगी पडेल.