मदत हवी आहे: आग द्रव्य की ऊर्जा? (आठवीच्या वर्गात दाखवता येईल असं उत्तर)

पाटीपेन्सिल
द्रव्याची व्याख्या शिकवली: वस्तुमान असतं आणि जागा व्यापतं ते. लगेच प्रश्न आला, मग ज्योत कशात बसते? निम्मा वर्ग 'ऊर्जा' म्हणतोय, दोघं-तिघं 'प्लाझ्मा' (विद्युतभारित कणांचा वायू). तास ३५ मिनिटांचा, प्रयोगशाळेत गॅस नाही. मेणबत्तीवर भागेल असं काही सुचवा.

निवळी
'दोन्हीपैकी एक निवडा' म्हटलं की उत्तर चुकणारच. आग म्हणजे ज्वलन, ती एक क्रिया आहे. ती जिथे चालू असते त्या जागेला आपण ज्योत म्हणतो. त्या जागेत आहे ते सगळं द्रव्य: मेणाची वाफ, हवा, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, काजळीचे कण. तिथून बाहेर पडतो तो उजेड आणि उष्णता, म्हणजे ऊर्जा.

ज्योतीला वजन नाही हा गैरसमज आधी काढा. खोलीतली हवा दर घन सेंटीमीटरला सुमारे १.२ मिलिग्रॅम भरते. ज्योतीतल्या १४०० अंश सेल्सिअसला तेवढ्याच जागेतला वायू जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. हलका म्हणून तो वर उठतो, खालून थंड हवा येते आणि ज्योत निमुळती होते. अंतराळयानात हे चढणं जवळजवळ नसतं, तिथे ज्योत गोल दिसते.

हिशोबही फळ्यावर मांडा. १ ग्रॅम मेण जळताना सुमारे ३.४५ ग्रॅम ऑक्सिजन घेतं, ३.१२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १.३३ ग्रॅम पाणी तयार होतं. बेरीज जुळते. मेणाची 'ऊर्जा झाली' असं नाही, अणू तेच, जोड्या बदलल्या.

गंधक
कोणीतरी ई = एमसी² (वस्तुमान आणि ऊर्जा यांचं नातं सांगणारं सूत्र) काढेलच, म्हणून आधीच सांगतो: १ ग्रॅम मेणामागे घटणारं वस्तुमान म्हणजे एका ग्रॅमचे दोनशे कोटी भाग केले तर त्यातला साधारण एक. कुठल्याच काट्यावर दिसणार नाही.

प्लाझ्मावाल्यांना पुरतं चूक म्हणू नका. ज्योतीत थोडे आयन (विद्युतभार असलेले कण) असतात आणि तिच्यातून क्षीण वीज वाहते. काही गॅस गिझरमध्ये ज्योत पेटलीय की नाही हे याच मायक्रोअँपिअरमधल्या प्रवाहावरून कळतं. त्यासाठी ज्योतीत ठेवलेल्या धातूच्या दांडीवर काजळी बसली की बर्नर पेटून लगेच बंद पडतो. पण मेणबत्तीत आयनांचं प्रमाण इतकं कमी की तिला तापलेला वायू म्हणणंच बरोबर.

(जाता जाता: वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाने तेज नऊ द्रव्यांत मोजलं होतं, आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या १७८९च्या मूलद्रव्यांच्या यादीतही प्रकाश आणि 'कॅलरिक' (उष्णतेचं मानलेलं द्रव्य) होते. मुलं चांगल्या संगतीत आहेत.)

भट्टी_नं_३
दोन प्रयोग. पंखे बंद, शेजारी ओली फडकी, केस बांधलेले.

१) जाड वातीची मेणबत्ती २ मिनिटं जळू द्या, हळूच विझवा. वर येणारा पांढरा धूर म्हणजे थिजलेल्या मेणाचे बारीक थेंब. वातीपासून २-३ सेंटीमीटर वर, धुराच्या धारेतच पेटती काडी धरा. ज्योत धुरातून खाली उडी मारते. पहिल्या २-३ सेकंदांतच जमतं, नंतर वात गार होते. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्तीला धूर पुरत नाही.

२) स्टीलची चहाची गाळणी (प्लास्टिकची नको) ज्योतीच्या मध्यावर आडवी धरा. ज्योत जाळीच्या वर येत नाही, कारण तारा उष्णता ओढून घेतात. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८१५ साली खाणीच्या दिव्यात हेच वापरलं. वरून तिरकं पाहिलं की उजेडाचं नुसतं कडं दिसतं, मध्ये काळोखं. ज्वलन फक्त कडेला, जिथे ऑक्सिजन भेटतो. माझ्या मते तासाचा जीव या कड्यातच आहे. जाळी लाल झाली की ज्योत पार होते, म्हणून ५-६ सेकंदांत उचला.

पाटीपेन्सिल
वा! पिवळा रंग कशाचा? आणि जळून वजन *वाढतं* असं दाखवता येईल का? भांडी घासायची तार चालेल?

निवळी
पिवळा उजेड तापून झळकणाऱ्या काजळीचा. गार चमचा त्या भागात धरा, काळा होतो. बुडाचा निळा रंग मात्र काजळीचा नाही, तो ज्वलनात क्षणभर तयार होणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा.

भट्टी_नं_३
चकचकीत घासणी स्टेनलेसची असते, जळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशचं स्टील वूल घ्या, चार शून्यांचं. ५ ग्रॅम पिंजून, फरशीच्या तुकड्यावर फॉइल घालून त्यावर ठेवा आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर सगळं एकत्र तोला. पेटवताना काट्यावरून उतरवा, पूर्ण गार झाल्यावरच परत तोला. गरम असताना वर चढणारी हवा आकडा हलवते. ठिणग्या फॉइलबाहेर पडल्या तर वाढ कमी दिसते, म्हणून फॉइलच्या कडा उभ्या ठेवा. इथे ज्योत दिसत नाही, नुसता निखारा पसरत जातो. लोखंडाची वाफ होत नाही ना.