क्लोराइड इलेक्ट्रोड: ब्रोमेट मिसळल्यावर वाचन उतरण्याऐवजी वाढले, मदत हवी आहे

नमस्कार. सल्फाइडचा स्पष्ट वास येणाऱ्या सांडपाण्यातील क्लोराइड मी सिल्व्हर क्लोराइड व सिल्व्हर सल्फाइडचा घन पडदा असलेल्या आयन-निवडक इलेक्ट्रोडने (ठरावीक आयनाचे प्रमाण विद्युतदाबावरून दाखवणाऱ्या) मोजत आहे. संदर्भ इलेक्ट्रोडच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरलेले असल्यामुळे तिथून क्लोराइड झिरपत असेल ही शंका मी बाजूला ठेवली आहे. प्रमाण द्रावणांवर क्लोराइडच्या दर दशपटीला ५७ मिलिव्होल्टचा उतार मिळतो, म्हणजे इलेक्ट्रोड ठीक असावा. हायड्रोजन पेरॉक्साइडने सल्फाइड काढून सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन केल्यास क्लोराइड लिटरला सुमारे ९० मिलिग्रॅम येते. इलेक्ट्रोड मात्र २४० दाखवतो आणि आकडा स्थिरही राहत नाही. सल्फाइडच वाचनात व्यत्यय आणत असावे, म्हणून सोडियम ब्रोमेट आणि नायट्रिक आम्लाचे व्यत्यय-निवारक द्रावण करून, रसायन वाचवण्यासाठी, १०० मिलिलिटर नमुन्यात ५ मिलिलिटर घातले, तर वाचन ६०० च्या पुढे गेले. ब्रोमेट व्यत्यय काढण्याऐवजी वाढवत आहे का?

प्रतिसाद:

होय, अपुऱ्या मात्रेत वाढवते, आणि तुमची काटकसर नेमकी इथेच नडली असावी. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करताना ब्रोमेटचे ब्रोमाइड होते. पुरेसा ब्रोमेट उरला असेल तर आम्लात तोच त्या ब्रोमाइडचे ब्रोमीन करतो, पण तो आधीच संपला तर ब्रोमाइड तसेच राहते. सिल्व्हर ब्रोमाइड हे सिल्व्हर क्लोराइडपेक्षा कितीतरी कमी विरघळते, त्यामुळे हा पडदा ब्रोमाइडला क्लोराइडच्या सुमारे ३०० पट प्रतिसाद देतो आणि थोडेसे ब्रोमाइडही वाचन बिघडवते. निवारक द्रावण नमुन्याइतक्याच आकारमानात घ्यावे, आणि प्रमाण द्रावणांतही तेवढेच मिसळावे, म्हणजे विरलन आणि आयनिक तीव्रता (विरघळलेल्या आयनांचे एकूण प्रमाण) दोन्हीकडे सारखी राहते. सल्फाइड फारच जास्त असेल तर नमुना आधी विरल करावा. आम्ल घालताच हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो, आणि पाण्यात सायनाइड असण्याची शक्यता असेल तर त्याहून घातक वायू. त्यामुळे हे काम धूर-कपाटाबाहेर करूच नये.

मला स्वतःला केवळ सल्फाइडसाठी निकेल नायट्रेट अधिक सोयीचे वाटते: उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात काळा निकेल सल्फाइड खाली बसतो, तो गाळून टाकला की ब्रोमाइडचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र चुकून निकेल क्लोराइडची बाटली उचलू नये. अमोनिया असल्यास सल्फाइड काढल्यानंतरच नायट्रिक आम्लाने पीएच ४ पर्यंत आणावा, कारण आम्लात अमोनियाचा अमोनियम आयन होतो आणि तो अमोनियासारखा पडद्यातील चांदीला बांधून ठेवत नाही.

या नमुन्यांत बुडालेला पडदा बारीक पॉलिश पट्टीने घासून प्रमाण द्रावणांवर पुन्हा तपासा. अनुमापनाच्या ९० या आकड्यातही मूळ पाण्यातले ब्रोमाइड व आयोडाइड क्लोराइड म्हणूनच मोजले गेले असेल, तेव्हा शक्य असल्यास एक नमुना आयन क्रोमॅटोग्राफीवर (आयन वेगवेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) पाहा.